भिंग स्वस्त झाले, दृष्टी महागच राहिली

मोतीबिंदूचा प्रश्न आता सुटल्यातच जमा आहे, असे अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगण्यात येते. डोळ्यात बसवावयाचे कृत्रिम भिंग एके काळी शंभर डॉलरच्या घरात किंमत मोजून परदेशातून आणावे लागे. तेच आज या देशात काही शे रुपयांत तयार होते. शिबिरे भरतात, हारतुरे होतात, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या वृद्धांच्या रांगेसमोर पुढारी उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात शस्त्रक्रियांचा आकडा छापून येतो. एवढे होऊनही जी बालके जन्मजात मोतीबिंदूमुळे अंध राहतात, त्यांचे खापर मग आईबापांच्या अज्ञानावर फोडले जाते. ‘भिंग फुकट, शस्त्रक्रिया फुकट; तरी हे लोक वेळेवर येत नाहीत, त्याला शासन काय करणार?’ हा तो युक्तिवाद. वरकरणी तो बिनतोड वाटतो आणि म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, भिंग म्हणजेच दृष्टी. वृद्धाच्या बाबतीत हे गृहीत बरेचसे खरे ठरते. बालकाच्या बाबतीत ते साफ खोटे आहे आणि नेत्रवैद्यकाला ते गेली कित्येक दशके ठाऊक आहे. असे असूनही आरोग्यव्यवस्थेची सारी रचना भिंगाभोवती आणि शस्त्रक्रियेच्या आकड्याभोवतीच का फिरत राहिली? या प्रश्नाचे उत्तर नेत्रवैद्यकाच्या ग्रंथांत सापडणार नाही. ते अर्थकारणात आणि राजकारणात शोधावे लागेल.

किंमत कोणी उतरवली?

प्रथम श्रेय द्यावयाचे ते दिले पाहिजे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी मानवी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले. महायुद्धात लढाऊ विमानांच्या पारदर्शक आवरणाचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत; परंतु पर्स्पेक्स नावाच्या त्या प्लास्टिकला डोळा फारसा विरोध करीत नाही, हे रिडली यांनी टिपले होते. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होऊन तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. रिडली यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. व्यवसायातील धुरिणांनी त्यांची वर्षानुवर्षे हेटाळणी केली. ‘सर’ हा किताब त्यांना मिळाला तो २००० मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी.

पुढे हे भिंग बाजारात आले आणि श्रीमंत देशांची मिरास बनले. ती मिरास मोडण्याचे काम बाजाराने केले नाही. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज हे एके काळी तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. आदिवासींच्या वस्त्यांवस्त्यांत जाऊन खुपऱ्यांच्या रोगाविरुद्ध त्यांनी १९७६ पासून मोहीम चालविली होती. गरीब देशांनी आपली भिंगे आपणच बनवावीत, हा त्यांचा आग्रह. १९९३ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या मागे एरिट्रियात आणि नेपाळात भिंगांचे कारखाने उभे राहिले. इकडे मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या प्रेरणेतून १९९२ मध्ये ऑरोलॅब हा कारखाना निघाला. भिंगाची किंमत प्रथम दहा डॉलरच्या आसपास आणि मग त्याहूनही खाली उतरली. आज तेथील भिंगे शंभराहून अधिक देशांत जातात.

या इतिहासाचा धडा उघड आहे. किंमत आपोआप उतरली नाही. ती उतरवावी असे काही माणसांनी ठरविले आणि नफ्याचे गणित बाजूला ठेवले, म्हणून ती उतरली. पण हा निर्णय फक्त प्लास्टिकच्या तुकड्यापुरता झाला. त्या तुकड्याच्या आधी आणि नंतर बालकाला जे जे लागते, त्याच्या बाबतीत असा निर्णय कोणी केलाच नाही.

मूल म्हणजे लहान आकाराचा वृद्ध नव्हे

साठ वर्षे जग पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यातील भिंग गढूळ होते, तेव्हा बिघडते ते फक्त भिंग. पाहावयाचे कसे, हे त्याचा मेंदू केव्हाच शिकून बसलेला असतो. गढूळ भिंग काढून स्वच्छ भिंग घातले की त्याचे जग त्याला परत मिळते. नवजात बालकाचे तसे नाही. त्याच्या मेंदूला नीट पाहणे अजून शिकावयाचे असते आणि दृष्टिपटलावर उमटणाऱ्या स्पष्ट प्रतिमांच्या आधारे तो ते पहिल्या काही आठवड्यांत आणि वर्षांत शिकत जातो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिलांची एक पापणी शिवून ठेवून दाखवून दिले की, या कोवळ्या काळात डोळ्याला प्रतिमा मिळाली नाही तर पुढे पापणी उघडल्यावरही मेंदू त्या डोळ्याची दखल घेत नाही. या संशोधनाबद्दल त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा व्यवहारातील अर्थ कठोर आहे. दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर जन्मानंतर सुमारे सहा आठवड्यांत आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ ते दहा आठवड्यांत शस्त्रक्रिया व्हावी, असे आज सर्वत्र मानले जाते. त्यानंतर डोळे स्थिर राहत नाहीत, सतत हलू लागतात आणि पुढे कितीही उत्तम भिंग बसविले तरी पूर्ण दृष्टी येण्याची आशा मावळत जाते. उशिरा आलेल्या मुलावर शस्त्रक्रिया करूच नये, असा याचा अर्थ नाही. भारतात ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात बऱ्याच मोठ्या वयाच्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांनाही आकार, माणसे, वाटा ओळखण्याइतकी दृष्टी कमावता येते असे दिसून आले. परंतु ‘उशीर झाला तरी काहीतरी मिळते’ हे सत्य उशीर करणाऱ्या व्यवस्थेने स्वतःच्या बचावासाठी वापरावयाचे नसते.

दुसरी गोष्ट. बालकाचा डोळा वाढत असतो. जन्मवेळी त्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते. प्रौढपणी ती २३-२४ मिलिमीटर होते आणि या वाढीचा मोठा भाग पहिल्या दोन वर्षांतच होतो. डोळा वाढतो, भिंग मात्र बसविले त्याच नंबराचे राहते. म्हणून शल्यविशारदाला पुढील वाढीचा अदमास घेऊन मुद्दाम कमी नंबराचे भिंग बसवावे लागते आणि मधली तूट चष्म्याने भरून काढावी लागते. चष्म्याचा नंबर पहिली काही वर्षे सतत बदलत राहतो. नैसर्गिक भिंग जवळचे पाहताना आकार बदलते, साधे कृत्रिम भिंग तसे बदलत नाही. म्हणून पाटीवरची अक्षरे पाहावयाची तर जवळचा चष्मा लागतो. एकाच डोळ्यात मोतीबिंदू असेल तर आळशी डोळ्याला कामाला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागते आणि हे काम वर्षानुवर्षे आईलाच करावे लागते. शिवाय लहान मुलांत भिंगामागची पातळ पिशवी पुन्हा गढूळ होण्याचा धोका फार मोठा. म्हणून ती मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच मागून उघडावी लागते आणि त्यासाठी खास यंत्र लागते. मोठ्या माणसाचा डोळा बधिर करून शस्त्रक्रिया करता येते. अर्भकाला पूर्ण भूल द्यावी लागते आणि अर्भकाला भूल देणारा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी नसतो.

तात्पर्य, या सर्व साखळीत सर्वांत स्वस्त वस्तू जर कोणती असेल, तर ती भिंग! आणि तीच तेवढी फुकट देऊन कर्तव्यपूर्तीचे समाधान मिरविले जाते.

गरिबांसाठी राखून ठेवलेला अपवाद

अर्भकाच्या डोळ्यात भिंग बसवावे की बसवू नये, यावर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. एका डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू असलेली, सात महिने पूर्ण न झालेली ११४ बालके, १२ केंद्रे. निम्म्यांच्या डोळ्यात भिंग बसविले, निम्म्यांना डोळ्याबाहेर लावावयाची कॉन्टॅक्ट लेन्स दिली. २०१० पासून टप्प्याटप्प्याने त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुले साडेदहा वर्षांची झाली तेव्हाही दोन्ही गटांच्या दृष्टीत फरक आढळला नाही. मात्र भिंग बसविलेल्या बालकांपैकी ६३ टक्क्यांना पहिल्या वर्षातच डोळ्याच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. दुसऱ्या गटात हे प्रमाण १२ टक्के होते. तेव्हा संशोधकांनी सल्ला दिला की, एवढ्या लहान बालकाच्या डोळ्यात भिंग बसवू नये, कॉन्टॅक्ट लेन्स द्यावी. अपवाद एकच. लेन्सचा खर्च आणि तिची निगा कुटुंबाला इतकी जड जाणार असेल की मूल दीर्घकाळ लेन्सवाचून राहील, तर भिंग बसवावे.

हा अपवाद कार्यकर्त्यांनी पुन्हा एकदा वाचावा. येथे उपचार रोगावरून ठरत नाही. तो घरातील पैशावरून आणि पाण्यावरून ठरतो. अर्भकाची लेन्स वारंवार काढावी लागते, धुवावी लागते, हरवली तर नवी आणावी लागते, वाढत्या डोळ्यानुसार बदलावी लागते. अमेरिकेत जो अपवाद, तो धडगाव-अक्कलकुव्यात, मेळघाटात, किनवटात नियम होऊन बसतो. जेथे पिण्याचे पाणी दोन मैलांवरून डोक्यावर आणावे लागते, तेथे लेन्स स्वच्छ करण्याचा उपदेश कोणी कोणाला करावा? अशा घरातील बालकाच्या डोळ्यात भिंग बसविणारा डॉक्टर चूक करीत नाही. उपलब्ध पर्यायांतील कमी वाईट पर्याय तो निवडतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. दोष त्या समाजरचनेचा, जिच्यात गरिबाच्या बाळाला कमी वाईट पर्याय एवढाच काय तो हक्क म्हणून शिल्लक राहतो.

आकडे कशाचे मोजले जातात?

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूवर विशेष भर देण्यात आला. जाड काचांच्या चष्म्याचे युग संपून डोळ्यात भिंग बसविण्याचे युग सामान्य रुग्णापर्यंत पोहोचले ते याच काळात. लक्षावधी वृद्धांना त्याचा लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण या कार्यक्रमाने यशाचे एक माप रूढ केले आणि ते माप म्हणजे शस्त्रक्रियांची संख्या. जिल्ह्याला उद्दिष्ट दिले जाते, उद्दिष्टाची टक्केवारी काढली जाते, स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळते तेही दर शस्त्रक्रियेमागे.

या मापाने बालकाचे काय होते? सराईत शल्यविशारद सकाळपासून दुपारपर्यंत अनेक वृद्धांच्या शस्त्रक्रिया उरकतो. तेवढ्या वेळात भूल देऊन बालकांच्या दोन-चार शस्त्रक्रिया होतात आणि प्रत्येकीमागे पुढे दहा वर्षांची देखरेख उभी असते. उद्दिष्टाच्या तक्त्यात मात्र वृद्ध एक आणि बालकही एकच. मग ‘अवघड केस’ म्हणून बालकाला तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मुंबई-पुण्याला चिठ्ठी मिळते. ही चिठ्ठी घेऊन निघालेले किती आईबाप शेवटच्या दारापर्यंत पोहोचले, याची नोंद ठेवण्याची सक्ती कोणावर आहे? शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी मुलाला दिसते किती, चष्मा नाकावर आहे की फुटून कोनाड्यात पडला आहे, हे विचारणारा रकाना कोणत्या तक्त्यात आहे?

जगात सुमारे चौदा लाख बालके अंध आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश आशिया-आफ्रिकेतील गरीब प्रदेशांत आहेत, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने विसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला होता. वृद्धांच्या तुलनेत ही संख्या लहान भासते. पण अंध बालकाच्या पुढे साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य उभे असते. वर्षांचा हिशेब मांडला, तर या लहान आकड्याचे ओझे मोठ्या आकड्याच्या बरोबरीला येऊन बसते. शिबिराच्या फलकावर तो हिशेब लिहिला जात नाही.

बेचाळीस दिवस आणि अडीचशे रुपये

कागदावर पाहू गेल्यास व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत आहे. जन्मापासून सहा आठवड्यांपर्यंत घरी जाऊन बाळ तपासण्याचे काम आशा कार्यकर्तीकडे सोपविलेले आहे. २०११ पासूनच्या नवजात-काळजी योजनेनुसार तिची शेवटची भेट जन्मानंतर बेचाळिसाव्या दिवशी असते. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस! वैद्यकशास्त्राने आखलेली मर्यादा आणि शासनाने आखलेले वेळापत्रक असे तंतोतंत जुळलेले क्वचितच आढळेल. तिने केवळ विजेरीच्या उजेडात बाळाची बाहुली पाहिली, तीत पांढरट झाक दिसली आणि त्याच आठवड्यात बाळ जिल्ह्याला पोहोचले, तरी पुष्कळ काही वाचेल. त्या पांढऱ्या झाकेमागे कधी कधी डोळ्याचा कर्करोगही असतो. म्हणजे वाचेल ती दृष्टी आणि कधी प्राणही.

परंतु ज्या स्त्रीवर ही सारी भिस्त, तिला या सर्व भेटींबद्दल मिळून अडीचशे रुपये ठरविण्यात आले. शासनाच्या लेखी ती कामगार नाही, कर्मचारी नाही. ती ‘स्वयंसेविका’ आहे. तिच्या वहीत कामे वाढत जातात आणि मानधनासाठी तिला आझाद मैदानावर येऊन बसावे लागते. डोळा तपासावयाचा कसा, याचे नीट प्रशिक्षण आणि एक चांगली विजेरी देण्यापेक्षा तिच्यावर ठपका ठेवणे सोपे असते. ज्या शासनाला बालकाच्या दृष्टीची खरोखर चाड आहे, त्याने आशाच्या वेतनाच्या मागणीकडे नेत्ररोगाच्या प्रश्नाचाच एक भाग म्हणून पाहिले पाहिजे.

अज्ञान की खाडा?

आता आईबापांच्या अज्ञानाकडे वळू. मराठवाड्यातील ऊसतोड जोडप्याचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या सुमारास ते मुकादमाची उचल घेऊन बीड जिल्ह्यातून निघते आणि सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या तळावर कोपी घालून राहते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. अशा जोडप्याचे बाळ हंगामात जन्मले, तर त्याचा बेचाळिसावा दिवस कोणत्या गावच्या आशाच्या वहीत येतो? नाव गावाकडच्या यादीत, बाळ तळावर. समजा, आईला स्वतःलाच बाळाच्या बाहुलीतला पांढरा ठिपका दिसला. बाळाला शहरात न्यावयाचे म्हणजे खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली एवढेच नव्हे, तर दंडही आणि तो उचलीत वाढणार. एकदा गेले, तारीख मिळाली. पुन्हा गेले, शस्त्रक्रिया झाली. मग आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी. मग चष्मा, मग नवा चष्मा. शस्त्रक्रिया फुकट होती, यात शंका नाही. पण प्रत्येक फेरीची किंमत कोयत्याच्या दराने मोजली गेली.

अशी माणसे नंतरच्या तपासणीला फिरकली नाहीत, की त्यांना अडाणी म्हणावयाचे! हिशेबाच्या बाबतीत ती मुळीच अडाणी नसतात. दोन मुलांच्या तोंडचा घास आणि तिसऱ्याचा डोळा यांत निवड करण्याची पाळी ज्या समाजाने त्यांच्यावर आणली, त्या समाजाचा सुशिक्षितपणा मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. या निवडीत बळी कोण पडते तेही पाहावे. भारतातील आणि आफ्रिकेतील अनेक रुग्णालयांच्या नोंदींत मोतीबिंदूसाठी आणलेल्या मुलींची संख्या मुलग्यांहून कमी भरते. रोग मुलगा-मुलगी पाहून येत नाही. जेथे एकाच फेरीचे पैसे असतात, तेथे ती फेरी मुलाच्या वाट्याला जाते. आणि ज्या घरात मुलगी मागे ठेवली जाते, तेथे पैशाच्या टंचाईबरोबर पुरुषी वर्चस्वही नांदत असते, हे परखडपणे सांगण्याची तयारी कार्यकर्त्यांनी ठेवली पाहिजे.

चष्मामुक्तीचा बाजार

इकडे ही स्थिती, तर दुसरीकडे पैसेवाल्यांसाठी वेगळाच बाजार भरला आहे. ‘प्रीमियम’ भिंगे, एकाच भिंगात दूरचे-जवळचे दिसणारी भिंगे, ॲस्टिग्मॅटिझम घालविणारी टोरिक भिंगे अशी चढत्या भावाची यादी रुग्णापुढे ठेवली जाते. ॲस्टिग्मॅटिझम म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाची वक्रता सर्व दिशांनी सारखी नसणे. चष्म्याच्या दुकानात त्याला सिलिंडरचा नंबर म्हणतात. प्रौढांच्या मोतीबिंदूत टोरिक भिंगाचा उपयोग होतो, यात वाद नाही. पण हे भिंग ठरलेल्या कोनातच राहावे लागते. ते एक अंश फिरले तर सुमारे तीन टक्के परिणाम नाहीसा होतो. तीस अंश फिरले तर सारा उपयोग संपतो. लहान मुलाच्या डोळ्यात भिंगाची पिशवी लवचिक आणि आकसणारी, पटलाची वक्रता बदलती, शस्त्रक्रियेच्या छेदाने आणि टाक्याने त्यात भर पडणारी. ज्या घराच्या भिंती अजून सरकत आहेत, त्या घराला पक्के दार बसविण्याचा हा प्रकार. वाढ बव्हंशी पूर्ण झालेल्या, नीट पारखून निवडलेल्या मोठ्या मुलांत त्याला जागा असू शकेल. एरवी मुलाच्या सिलिंडरच्या नंबरावर सर्वांत सुरक्षित, सर्वांत स्वस्त आणि हवा तेव्हा बदलता येणारा इलाज म्हणजे साधा चष्मा. आणि ज्या मुलाला मोतीबिंदू नाही, नुसता ॲस्टिग्मॅटिझम आहे, त्याच्यासाठी तर चष्माच.

पण चष्म्यात फायदा तो किती? म्हणून ‘चष्मामुक्ती’चे स्वप्न विकले जाते आणि मुलाच्या काळजीने व्याकूळ झालेला बाप जमिनीचा तुकडा गहाण टाकून महागडे भिंग घेतो. शासनाने २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटवर आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर कमाल किमतीचे बंधन घातले. डोळ्यातील भिंगांना मात्र तेव्हा तशी मर्यादा घातली गेली नाही. ज्या देशात जगातील स्वस्तातले भिंग तयार होते, त्याच देशात भिंगाच्या नावाखाली मनमानी वसुली व्हावी, हा विरोधाभास नफेखोरीला मोकळे रान दिल्यानेच निर्माण झालेला आहे.

जी लस अठ्ठेचाळीस वर्षे उशिरा आली

शेवटी मुळाकडे गेले पाहिजे. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच दाखवून दिले होते की, गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला तर बाळाच्या डोळ्यांत जन्मतः मोतीबिंदू असू शकतो. सर्वच जन्मजात मोतीबिंदू रुबेलामुळे होत नाहीत. काही आनुवंशिक असतात, कित्येकांचे कारण सापडत नाही. परंतु लशीने थोपविता येण्याजोगे हे एक ठळक कारण आहे. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीत सुमारे वीस हजार बालके जन्मजात रुबेलाचे दोष घेऊन जन्मली. १९६९ मध्ये तेथे लस आली. नाकेबंदीत सापडलेल्या छोट्या क्यूबाने १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रुबेला आपल्या भूमीवरून हद्दपार केला.

आणि भारतात? राष्ट्रव्यापी मोहिमेत गोव्यासह पहिल्या काही प्रदेशांत ही लस फेब्रुवारी २०१७ मध्ये आली, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये. तोवर काही थोडे प्रदेश सोडले तर ती खासगी दवाखान्यात पैसे मोजणाऱ्यांच्या मुलांसाठीच होती. अर्धवट, विकतचे लसीकरण केवळ अन्यायकारक असते असे नाही. ते घातकही ठरते. काही मुलांना लस मिळाल्याने रोगाचा फैलाव मंदावतो आणि लस न मिळालेल्या मुलींना तो लहानपणी न होता नेमका बाळंतपणाच्या वयात गाठतो. ग्रीसमध्ये अशाच तुटपुंज्या लसीकरणानंतर १९९३ मध्ये रुबेलाची साथ आली आणि जन्मजात दोष असलेली बालके जन्मली. सार्वजनिक आरोग्य दुकानातून विकत घेता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? गोवर-रुबेलाच्या उच्चाटनासाठी भारताने आधी २०२० साल ठरविले, मग २०२३, मग २०२६. तारखा पुढे जात राहिल्या; त्या तारखांच्या मधल्या काळात जन्मलेल्या बाळांना पुढची तारीख मिळत नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

या प्रश्नावर शिबिर भरविणे सोपे आहे आणि कार्यकर्त्यांना तो मोह होणेही स्वाभाविक आहे. परंतु बालकाचा डोळा शिबिराने वाचत नाही, हे एव्हाना स्पष्ट झाले असेल. काम वेगळे आहे, चिकाटीचे आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळ-बाळंतीण घरी जाण्यापूर्वी बाळाचे डोळे तपासले जातात की नाही, हे पाहावे. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत चारच प्रश्न दर वर्षी विचारावेत. मोतीबिंदूची किती बालके सापडली? शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांचे वय किती आठवड्यांचे होते? चष्मा किती जणांना मिळाला? दोन वर्षांनंतर किती जण तपासणीला येत आहेत? ज्या दिवशी जिल्ह्याचे उद्दिष्ट या चार उत्तरांवरून मोजले जाईल, त्या दिवशी ‘अवघड केस’ ही सबब उरणार नाही.

त्याबरोबरच काही मागण्या ठामपणे लावून धराव्या लागतील. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यावरची पट्टी हे उपचाराचेच भाग मानून वाढीच्या वयापर्यंत विनामूल्य मिळाले पाहिजेत. प्रत्येक तपासणीच्या फेरीचे प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी आईबापांना मिळाली पाहिजे. साखर कारखान्याच्या तळावरील नवजात बालकांच्या तपासणीची जबाबदारी कारखान्यावर आणि त्या जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेवर कायद्याने टाकली पाहिजे. विभागवार सरकारी रुग्णालयांत बालनेत्ररोगाची केंद्रे भूलतज्ज्ञांसह उभी राहिली पाहिजेत. भिंगांच्या किमतीवर कमाल मर्यादा आली पाहिजे. आशा कार्यकर्तीला कर्मचाऱ्याचा दर्जा मिळाला पाहिजे. आणि रुबेलाची लस न मिळालेली मुलगी कोणत्याही पाड्यावर, तळावर, झोपडपट्टीत शिल्लक राहता कामा नये.

‘एवढा पैसा कोठून आणावयाचा?’ असे विचारले जाईल. तो प्रश्न विचारणाऱ्यांनी अंध राहिलेल्या एका मुलाच्या साठ वर्षांचा, त्याच्या आईच्या बुडालेल्या मजुरीचा, त्याला न मिळालेल्या शाळेचा आणि कामाचा हिशेब आधी मांडावा. सुश्रुताच्या मोतीबिंदू-शस्त्रक्रियेचा अभिमान व्यासपीठावरून सांगणाऱ्या या देशात विजेरी लावून बाळाचा डोळा पाहावयास माणूस मिळत नाही, ही गोष्ट पैशाच्या अभावाने घडलेली नाही.

रिडली यांनी भिंग दिले, हॉलोज आणि वेंकटस्वामी यांच्यासारख्यांनी ते गरिबांच्या आवाक्यात आणले. उरलेले काम एकट्या डॉक्टरचे नाही. ते राजकीय काम आहे. आज कोठे तरी उसाच्या तळावर जन्मलेल्या बाळाचा पहिला दिवस मोजला गेला आहे. त्याच्यासाठी एकूण दिवस बेचाळीस.